फिरत्या तबकडीचा हिशेब

भुसार मालाच्या व्यापारात एक नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा पाहून सौदा करायचा नाही. पोत्याच्या पोटातला दाणा हातावर घ्यायचा, दाताखाली धरायचा आणि मगच भाव बोलायचा. हा नियम ज्वारी-बाजरीला लागू आहे तसाच तो जुन्या वस्तूंच्या खरेदीलाही लागू आहे. फरक एवढाच, की जुन्या यंत्राचे पोट कुठे असते हे प्रत्येकाला ठाऊक नसते.

आता अहिल्यानगर झालेल्या नगर शहरातील आडते बाजारात उभा जन्म काढलेल्या एका सदुसष्ट वर्षांच्या व्यापाऱ्यावर जुना रेकॉर्ड प्लेअर विकत घेण्याची वेळ आली, तेव्हा हाच नियम त्यांच्या कामी आला. हौस म्हणून त्यांनी ही खरेदी केली नाही. बाजारपेठेतले जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले आणि माळा रिकामा करताना एक लाकडी पेटी खाली आली. चाळीस वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली, तेव्हा दागिन्यांचे वजन झाले, गोदामाची मोजणी झाली, भांड्यांचीही यादी झाली. ही पेटी मात्र कोणी मागितली नाही आणि कोणाला दिलीही गेली नाही. चावीचा ग्रामोफोन मात्र तेव्हाच एका भावाकडे गेला आणि पुढे मोडीत निघाला. पेटीत एकतीस ध्वनिमुद्रिका होत्या. त्यांतल्या चौदा जुन्या, जड, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. बाकीच्या नंतरच्या काळातील लवचिक एल.पी. आणि लहान ४५ च्या.

त्या चौदांपैकी एका तबकडीवर राजस्थानी लग्नगीते होती. घरात ज्यांना सारे ‘बाई’ म्हणतात, त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातुःश्रींना ती त्यांच्या भावाने दिली होती. मारवाडातून लग्न होऊन त्या नगरला आल्या तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. नातवाने ती गाणी मोबाइलवर शोधली. त्याच नावाची पुष्कळ गाणी सापडली, पण त्या गायिकेचा तो आवाज काही मिळाला नाही. बाईंची श्रवणशक्ती दोन वर्षांपासून उतरत चालली आहे. कानाचे यंत्र आहे, पण ते लावायचा त्यांना कंटाळा येतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की जे गेले ते परत येणार नाही आणि जे आहे ते हळूहळू कमी होईल. म्हणजे या खरेदीला मुदत होती. शिवाय तिला मर्यादाही होती: सर्व मिळून पंधरा हजार रुपये. घर बांधायला काढलेल्या कुटुंबात याहून अधिक रक्कम ‘गाण्याच्या यंत्रासाठी’ मागणे त्यांना प्रशस्त वाटले नाही.

प्रथम त्यांनी नव्या यंत्रांची चौकशी केली आणि तिथेच पहिली अडचण कळली. आज बाजारात मिळणारी बहुतेक चांगली नवी यंत्रे केवळ ३३ आणि ४५ या दोन वेगांची असतात. ७८ चा वेग देणारी जी दर्जेदार यंत्रे आहेत, ती त्यांच्या रकमेत बसत नव्हती. पेटीसारख्या आकाराची, रंगीत झाकणाची स्वस्त यंत्रे मात्र तिन्ही वेग देतात. नातवाने त्यांपैकी एक पसंतही केले होते. तरीही ते घेतले गेले नाही, याचे कारण सुईत आहे.

ध्वनिमुद्रिकेच्या पृष्ठभागावर बाहेरून आत जाणारी एकच लांब खाच असते आणि तिच्या भिंतींच्या नागमोडीत आवाज साठवलेला असतो. कोलंबिया कंपनीने १९४८ साली अमेरिकेत एल.पी. आणली, तेव्हा खाच पूर्वीपेक्षा खूपच बारीक करण्यात आली. म्हणूनच ७८ च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते आणि एल.पी. वीस मिनिटांहून अधिक चालते. जुन्या रुंद खाचेसाठी सुईचे टोक साधारण पाऊण दशांश मिलिमीटर त्रिज्येचे लागते, एल.पी.साठी ते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे बारीक असते. बारीक सुई रुंद खाचेत टेकवली, की ती भिंतींना न लागता तळाशी बसते आणि तळाला साचलेला कचरा खरवडत जाते. ऐकणाऱ्याला गाण्याऐवजी खरखर ऐकू येते. स्वस्त पेटीयंत्रात वेग तीन असले, तरी सुई बहुधा एकच आणि तीही एल.पी.ची असते.

जुन्या पिढीच्या यंत्रांत या अडचणीवर साधा तोडगा होता. १९५० आणि १९६० च्या दशकांत दोन्ही प्रकारच्या तबकड्या घरोघर असत, म्हणून त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत उलटता येणारी सुई बसवलेली असे. लहानशी कळ फिरवली, की एका बाजूला ७८ ची सुई आणि दुसऱ्या बाजूला एल.पी.ची. इंग्लंडच्या गॅरार्ड आणि बी.एस.आर. या कंपन्यांची अशी चार वेगांची यंत्रे हिंदुस्थानात बरीच आली. म्हणजे जुने यंत्र घेणे ही येथे काटकसर तर होतीच, पण गरजही होती. नवे जे काम रास्त किमतीत करीत नव्हते, ते जुने करीत होते.

यानंतर पुण्याचा जुना बाजार. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या या बाजारात पितळी समईपासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत सारे काही मांडलेले असते. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत. ज्येष्ठ नागरिकाला एस.टी.त निम्मे भाडे. बाजारात जाण्यापूर्वी त्यांनी दोन वस्तू पिशवीत टाकल्या. एक, सराफ बाजारातल्या भाच्याकडून मागून आणलेले हिरे पाहण्याचे दहापट भिंग. दुसरी, पेटीतली सर्वांत कमी मोलाची, आधीच चरे पडलेली एक एल.पी. अनोळखी यंत्रावर मौल्यवान तबकडी कधी ठेवू नये. सुई तुटलेली असेल तर एका फेरीत कायमचे नुकसान होते.

पहिल्या दुकानात पितळी कर्ण्याचा चकचकीत ग्रामोफोन समोर आला. कर्ण्यावर एकही पोचा नव्हता, लाकडाला ताजे पॉलिश होते आणि विक्रेता तो शंभर वर्षांचा असल्याचे सांगत होता. व्यापाऱ्याच्या नजरेला पॉलिशपेक्षा खिळे आधी दिसले; तळाचे स्क्रू आजच्या घडणीचे होते. असे जुळवून केलेले ग्रामोफोन दिवाणखान्यात शोभतात, पण त्यांचा जड आर्म आणि पोलादी सुई तबकडी किसून काढतात. त्या काळी पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरून बदलण्याची रीत होती, हे आज सांगणारेही थोडेच उरले आहेत. त्यांनी नमस्कार केला आणि पुढे निघाले.

दुसरे यंत्र अमेरिकेहून परतलेल्या कोणा कुटुंबाचे होते. दिसायला देखणे, किंमत माफक. त्यांनी यंत्र उलटे करून मागची पट्टी वाचली: ११७ व्होल्ट, ६० सायकल. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट आणि ५० सायकलची. व्होल्टेजवर ट्रान्सफॉर्मरचा उपाय आहे, पण सायकलवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. जुन्या यंत्रांची मोटार बहुधा विजेच्या सायकलच्या तालावर फिरते. ६० सायकलसाठी घडवलेले यंत्र ५० वर लावले, तर ते सहा पावलांऐवजी पाचच टाकते. ७८ चा वेग ६५ वर येतो आणि गायिकेचा आवाज पुरुषी होतो. मोटारीच्या दांड्यावरची कप्पी बदलता येते, पण ती मिळाली तर. विक्रेत्याने “एवढा फरक कानाला कळत नाही, शेठ” असे सांगितले. ज्याने आयुष्यभर वजनकाट्यात पाव किलोचा फरक धरला, त्याच्यापुढे ही सबब टिकणारी नव्हती.

दुसऱ्या फेरीत, पुढच्या बुधवारी, गॅरार्डचा चार वेगांचा एक जुना ऑटोचेंजर हाती लागला. लाकडी बैठकीचा कोपरा उडालेला, वरचा रंग काळवंडलेला. इथे मात्र पोत्यात हात घालून पाहणे सुरू झाले. वीज न लावता तबकडीची थाळी बोटाने फिरवली. ती न अडखळता फिरून शांतपणे थांबली. आर्म दोन बोटांत धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवला. सांध्यात खुळखुळ नव्हती. थाळी उचलून खालचे रबरी चाक पाहिले. अशा यंत्रांत मोटारीची गती हे चाक थाळीपर्यंत पोहोचवते, आणि यंत्र वर्षानुवर्षे वेग लावलेल्या स्थितीत पडून राहिले, तर रबर एका जागी दबून बसते. मग प्रत्येक फेऱ्याला ‘धप’ असा आवाज येतो. चाक टणक झाले होते, पण गोल होते.

वेगाची परीक्षा त्यांनी घड्याळावर घेतली. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि ३३ चा वेग लावून तीन मिनिटे फेरे मोजले. हा वेग नेमका ३३ आणि एक तृतीयांश असल्याने तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे व्हावे लागतात. सत्त्याण्णव भरले. तीन टक्के घट. कोरडे पडलेले तेल आणि घट्ट झालेले वंगण पाहता ती भरून येण्याजोगी. शेवटी भिंगातून सुई पाहिली. ७८ ची बाजू बरी होती, एल.पी.ची बाजू छिन्नीसारखी झिजली होती. परंतु कार्ट्रिज सिरॅमिक होते, क्रिस्टल नव्हते. क्रिस्टलचे कार्ट्रिज दमट हवेत कालांतराने निकामी होते. सिरॅमिकला ते भय नाही. या कार्ट्रिजची सुई आजही नवी मिळते, हे त्यांनी बाजारातच दोन ठिकाणी विचारून पक्के केले. यंत्र कितीही उत्तम असो, त्याची सुई मिळत नसेल तर ते शोभेचे लाकूड आहे.

नऊ हजारांपासून सुरू झालेला सौदा साडेसहा हजारांवर ठरला. यंत्र कुठून आले याची त्यांनी चौकशी केली आणि विक्रेत्याकडून साध्या कागदावर का होईना, सहीची पावती घेतली. ज्या वस्तूचा मूळ धनी सांगता येत नाही ती स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. श्रावकाला तिसऱ्या व्रताचे अतिचार ठाऊक असतातच.

नगरला एक वयोवृद्ध रेडिओ मेकॅनिक अद्याप दुकान उघडतात. त्यांनी आठवडाभर यंत्र ठेवून घेतले, गोठलेले वंगण खरवडून काढले, नवे तेल दिले, रबरी चाकाचा टणक थर घासून खालचे मऊ रबर वर आणले आणि मोटारीच्या जुन्या तारा बदलल्या. सिरॅमिक कार्ट्रिजचा विद्युत्‌संकेत मोठा असल्याने वेगळे फोनो प्रीॲम्प घ्यावे लागले नाही. घरातल्याच जुन्या ॲम्प्लिफायरला ते जोडले गेले. चुंबकीय कार्ट्रिजचे यंत्र असते तर संकेत काही मिलिव्होल्टचाच आला असता आणि आणखी दोन-तीन हजारांची भर पडली असती.

यंत्र घरी आले आणि अनपेक्षित प्रश्न बाईंनीच उभा केला. तबकडी हातात घेऊन त्या म्हणाल्या, “अरे, ही तर लाखेची ना?”

प्रश्न योग्य होता. ७८ च्या तबकड्या लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून ठोकल्या जात. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवर जगणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा स्राव. ती काढताना असंख्य जीव जातात. साऱ्या जगाच्या ग्रामोफोनला ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. गौहर जान यांचे गाणे १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला ठोकून परत आणाव्या लागत. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि १९२८ साली दमदमला मोठा कारखाना उभा राहिला. नंतरच्या एल.पी. मात्र प्लॅस्टिकच्या, त्यांत लाख नाही. बाई रोज प्रतिक्रमण करतात. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा उच्चार त्यांच्या मुखी साठ-सत्तर वर्षे आहे.

घरात थोडी चर्चा झाली. मुलाचे म्हणणे असे, की तबकडी सत्तर वर्षांपूर्वी बनली. आज ती वाजवल्याने नवी लाख लागत नाही. सुनेचे म्हणणे असे, की मनात शंका असेल तर वाजवूच नये. नातवाचा विचार निराळाच होता. जुन्या बाजारात दोनशेला मिळणारी तबकडी हौशी लोक हजाराला घेतात, हे त्याने हेरले होते. कॉलेज सांभाळून हा जोडधंदा करता येईल, असे त्याने आजोबांना आधीच सुचवले होते.

बाईंनी सर्वांचे ऐकले आणि निकाल दिला. “घरात आहे ती ऐकू. पण विकत घ्यायची आणि विकायची नाही. वाणिज्य नको.” नातवाचा जोडधंदा तिथेच मिटला. त्याने बरेच दिवस नाराजी धरली, परंतु उरलेल्या तबकड्यांची यादी करण्याचे काम त्यानेच अंगावर घेतले.

तबकड्या पुसण्याआधी मेकॅनिकांनी एक इशारा दिला होता, तो प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. ७८ च्या तबकडीला स्पिरिट लावायचे नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करतात ते याच गुणामुळे. मऊ कापड किंचित ओले करून खाचेच्या दिशेने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. एल.पी. आडव्या रचून ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात. नगरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्या मुळीच ठेवू नयेत, कारण उष्णतेने त्या वाकतात.

तबकडी लागली तेव्हा आधी बरीच खरखर आली. मग गाणे सुरू झाले. बाईंनी कानाचे यंत्र लावलेले नव्हते, आणि तरीही त्यांनी आवाज वाढवायला सांगितले नाही. यात चमत्कार काही नाही. वयाने कान उतरतो तो आधी बारीक, उंच स्वरांकडून. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात ते फार उंच स्वर मुळातच उतरत नसत. जे उतरे ते माणसाच्या कंठाच्या पट्टीतले. जुन्या तबकडीत जे नाही ते म्हाताऱ्या कानालाही लागत नाही, आणि जे आहे ते त्याला अजून ऐकू येते. गाण्याच्या मध्यावर एका चऱ्यावरून सुई उडी घेऊन पुढे गेली. गाळलेला तुकडा बाईंनी स्वतः म्हटला, बारीक आवाजात, पण सुराला धरून. तीन मिनिटे संपली. नातवाने तबकडी उलटण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आज एवढे पुरे. दुसरी बाजू उद्या.”

हिशेब असा झाला: यंत्र ६,५०० रुपये, दुरुस्ती १,२००, नवी उलटती सुई १,४००, तारा व जोडण्या ६००, पुण्याच्या दोन फेऱ्या ४५०, तबकड्यांची नवी पाकिटे व ब्रश ३५०. एकूण १०,५००. उरलेले साडेचार हजार परत तिजोरीत गेले नाहीत. ते सुईच्या नावे वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. यंत्राला घसारा असतो तसा सुईलाही असतो. नीलमण्याची सुई काही दशक तासांत झिजते, हिऱ्याची काही शे तास चालते, आणि झिजलेली सुई आवाज बिघडवतेच, पण तबकडीही कायमची कापून टाकते. खरेदीची रक्कम एकदाच लागते. चालवण्याची रक्कम बाजूला न काढता केलेली खरेदी अर्धीच असते.

अनेक घरांच्या माळ्यांवर अशा पेट्या आजही असतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी उघडून पाहाव्यात. आधी तबकड्या मोजाव्यात आणि त्यांचे वेग लिहून काढावेत. त्यावरून कोणती सुई लागेल ते ठरते, सुईवरून यंत्र ठरते आणि यंत्रावरून किंमत. बहुतेक लोक याच्या उलट क्रमाने जातात आणि कर्णा पाहून भुलतात. घरात ती गाणी ओळखणारे कोणी वडीलधारे असेल, तर मात्र या साऱ्या कामाला फार दिवस लावू नयेत.